मनगट मोडले, बोट चिरडले : शस्त्रक्रिया कोणी करावी?

हाताच्या पंजात आणि मनगटात मिळून २७ हाडे असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. मांडीच्या हाडाभोवती असते तसे मांसाचे जाड आवरण इथे नाही. बोटाचे हाड, त्याला चिकटून सरकणाऱ्या कंडरा, दोन्ही कडांनी जाणाऱ्या रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि वरची कातडी हे सगळे काही मिलिमीटरच्या जागेत बसलेले असते. हाडाला लावलेली प्लेट कंडरेच्या वाटेत येऊ शकते, कंडरा शिवल्यावर हात बांधून ठेवला तर सांधा आखडतो, आणि कातडी भरून निघाली नाही तर खालचे जुळत आलेले हाडही पिकते. हाताच्या फ्रॅक्चरवर कोणत्या शाखेच्या डॉक्टरने शस्त्रक्रिया करावी, हा प्रश्न या शरीररचनेतूनच निघतो.

भारतात हाडांचे काम अस्थिरोगतज्ज्ञांकडे असते. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमएस करून ते तयार होतात. कातडी, रक्तवाहिन्या आणि बारीक चेतातंतूंची जोडणी प्लास्टिक सर्जन शिकतात, तेही जनरल सर्जरीतल्या एमएसनंतर आणखी तीन वर्षांचे एमसीएच करून. मोडलेला हात दोघांच्याही अभ्यासक्रमात येतो, पण दोघे त्याच्याकडे वेगवेगळ्या वाटेने पोहोचतात. तिसरी वाट खास हाताच्या शस्त्रक्रियेची. दोन्ही शाखांतले काही डॉक्टर पुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची हात व सूक्ष्मशस्त्रक्रियेची दोन वर्षांची फेलोशिप करतात. अशांची संख्या देशाच्या गरजेच्या मानाने फार थोडी आहे.

नवी मुंबईत या प्रश्नाला दोन चेहरे आहेत. पहिला कारखान्यांचा. पारसिकच्या डोंगररांगेच्या कुशीत, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत एमआयडीसीचा टीटीसी पट्टा पसरला आहे, आणि पनवेलच्या बाजूला तळोजा. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या लहान गाळ्यांतून पत्रा कापणारे, प्लॅस्टिक ओतणारे, पुठ्ठा दाबणारे कामगार दिवसरात्र यंत्राजवळ हात नेत असतात. त्यात एपीएमसी बाजारातली हमाली आणि न्हावा-शेवा बंदराची कंटेनर वाहतूक मिळवली की चिरडलेल्या, चेंगरलेल्या हातांचा ओघ कुठून येतो ते कळते. दुसरा चेहरा घरातला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीच्या पहिल्या सेक्टरांत तरुणपणी राहायला आलेली पिढी आता आजी-आजोबांची झाली आहे. न्हाणीघरात पाय घसरतो, पडताना हात पुढे टेकला जातो आणि ठिसूळ झालेले मनगट मोडते. प्रेसखाली सापडलेले बोट आणि न्हाणीघरात मोडलेले मनगट हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. ‘कोणता डॉक्टर’ या प्रश्नाचे उत्तरही दोघांसाठी एक असू शकत नाही.

दोघांना एकाच डॉक्टरच्या हाती देण्याचा विचार मात्र जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत हाताच्या जखमांचा ढीग पडला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल यांनी हातासाठी वेगळी केंद्रे उभारण्यात पुढाकार घेतला. १९४४ मध्ये त्यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ आला आणि १९४६ मध्ये अमेरिकेत हाताच्या सर्जनांची संघटना स्थापन झाली. बनेल यांचे म्हणणे सरळ होते. हात हा अवयव एकसंध आहे. हाड एकाने, कंडरा दुसऱ्याने आणि कातडी तिसऱ्याने पाहिली तर कोणीच पूर्ण हात पाहत नाही. पुढे १९८९ पासून अमेरिकेत हाताच्या शस्त्रक्रियेचे जादा प्रमाणपत्र सुरू झाले. अस्थिरोग, प्लास्टिक आणि जनरल सर्जरी अशा तिन्ही शाखांच्या डॉक्टरांना ते मिळवता येते.

आपल्याकडे या विषयाचा पाया कुष्ठरोगाने घातला. वेल्लोरला पॉल ब्रँड या अस्थिशल्यविशारदाने कुष्ठरोगाने वाकलेली बोटे कंडरा फिरवून पुन्हा कामाची केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या टाटा प्लास्टिक सर्जरी विभागाचे डॉ. नोशीर अंतिया यांनी तेच काम दुसऱ्या शाखेतून केले. एक हाडाचा डॉक्टर, दुसरा प्लास्टिक सर्जन, आणि रुग्ण तोच. चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. आर. वेंकटस्वामी यांनी हाताचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी १९८० च्या दशकात बारीक तारा आणि सळ्यांचा एक बाहेरून बसवायचा सांगाडा विकसित केला. ‘जेस’ म्हणजे ‘जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम’ या नावाने तो देशभर वापरला जातो. चिरडलेल्या हातात प्लेट लावायला कातडी शिल्लक नसते तेव्हा हा सांगाडा हाड लांबीत धरून ठेवतो आणि जखम उघडी राहून धुता येते. महागड्या सामग्रीशिवाय मोठे काम करणारे हे साधन मुंबईच्या मातीतले आहे, याची नोंद मराठीत फारशी झालेली नाही.

आता मनगटाकडे. कोपरापासून मनगटाकडे येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाजवळ मोडणे, हे प्रौढांमध्ये वारंवार दिसणारे फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे, त्याचे वर्णन केले. कोलिस यांच्या मते हाड वाकडे जुळले तरी हात बऱ्यापैकी कामाला येतो. दोनशे वर्षांनंतरही वाद नेमका याच वाक्याभोवती फिरतो आहे.

इलाज तीन प्रकारचे. भूल देऊन हाड ओढून बसवायचे आणि प्लास्टर घालायचे. किंवा बसवल्यावर कातडीतून दोन-तीन तारा घालायच्या. किंवा तळहाताच्या बाजूने चीर घेऊन प्लेट आणि स्क्रू लावायचे. तळहाताच्या बाजूची लॉकिंग प्लेट २००० च्या सुमारास मायामीच्या हॉर्हे ऑर्बे यांच्या कामामुळे रूढ झाली आणि त्यानंतर सगळे चित्रच बदलले. अमेरिकेतल्या तरुण अस्थिशल्यविशारदांच्या परीक्षेसाठी जमा होणाऱ्या नोंदींत, शस्त्रक्रिया झालेल्या अशा मनगटांपैकी चीर घेऊन हाड जोडण्याचे प्रमाण १९९९ मध्ये ४२ टक्के होते, ते २००७ मध्ये ८१ टक्क्यांवर गेले.

एवढ्या प्लेटा लावून रुग्णांचे भले किती झाले, हे मोठ्या चाचण्यांनी तपासले आहे. ब्रिटनमधल्या ‘ड्राफ्ट’ चाचणीत ४६१ रुग्णांपैकी काहींना तारा आणि काहींना प्लेट, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर वेदना आणि हाताचा वापर यांत दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. ‘ड्राफ्ट-२’ मध्ये ५०० रुग्णांत हाड बसवून घातलेले नुसते प्लास्टर आणि तारा यांची तुलना झाली. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच निघाले. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे १३ टक्के जणांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकले आणि त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ‘क्रॉसफायर’ चाचणीने साठ आणि त्यापुढच्या वयाच्या १६६ रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना केली. तिथेही वर्षानंतर प्लेटचा ठोस फायदा दिसला नाही. न्हाणीघरात पडलेल्या आजीच्या साध्या मनगटासाठी याचा अर्थ असा की डॉक्टरच्या पाटीवर कोणती शाखा लिहिली आहे यापेक्षा हाड नीट बसवले का आणि पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे पाहिला का, याला जास्त वजन आहे. सरकलेले हाड दहाव्या दिवशी लक्षात आले तर सोपे असते. दोन महिन्यांनी लक्षात आले तर जुळलेले हाड पुन्हा कापावे लागते.

शाखेचा परिणाम ठळकपणे दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. शस्त्रक्रिया कशी होते यापेक्षा ती करायची की नाही, या निर्णयात. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्याच्या २००७ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा मनगटाच्या फ्रॅक्चरला प्लेट लावण्याचे प्रमाण एका भागात ४.६ टक्के, तर दुसऱ्या भागात ४२.१ टक्के आढळले. हाडे तीच, वय तेच, आणि प्रमाणात जवळजवळ नऊ पट तफावत. हाताच्या खास सर्जनकडे गेलेल्या रुग्णांना प्लेट लागण्याची शक्यता अधिक होती. ज्याला जे काम चांगले जमते त्याला त्याची गरजही जास्त दिसते. यात लबाडी असतेच असे नाही, प्रशिक्षणानेच नजर तशी घडते. पण ज्या रुग्णाला खिशातून पैसे भरायचे आहेत त्याच्यासाठी हा फरक काही हजार आणि लाखभर रुपयांमधला असू शकतो.

शाखांची थेट तुलना करणारे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांच्या मोठ्या नोंदवह्यांवर बेतलेले आहेत. त्यांत सर्जनची शाखा नोंदलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत जंतुसंसर्ग झाला का, पुन्हा शस्त्रक्रिया लागली का, रुग्ण परत दाखल झाला का, एवढे टिपलेले असते. या मापांनी पाहिले तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्यात सहसा मोठा फरक दिसत नाही. निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्याची मर्यादा ओळखून घ्यायला हवी. हाताच्या फ्रॅक्चरमध्ये जे बिघडते ते बहुधा तिसाव्या दिवसानंतर उघड होते. बोट आखडणे, हाड न जुळणे किंवा वाकडे जुळणे, प्लेटवर घासून कंडरा तुटणे, यांतले काहीच अशा नोंदवहीत येत नाही. शिवाय दोन्ही शाखांकडे सारखे रुग्ण येत नाहीत. मनगट मुख्यतः अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाते, उघड्या जखमेसकट मोडलेली बोटे प्लास्टिक सर्जनकडे जास्त. अवघड रुग्ण घेणाऱ्याचे आकडे वाईट दिसतात आणि सोपे घेणाऱ्याचे चांगले. हा दोष गणिताने काही अंशीच दुरुस्त होतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर कौशल्याचा फरक कुठे पडतो, ते प्लेटच्या जागेवरून समजते. प्लेट मनगटाच्या कडेपलीकडे एक-दोन मिलिमीटर पुढे आली तर अंगठा वाकवणारी कंडरा तिच्या धारेवर रोज घासते आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, शर्टाचे बटण लावताना अचानक तुटते. स्क्रू पलीकडच्या बाजूने किंचित लांब राहिला तर अंगठा सरळ करणाऱ्या कंडरेवर तीच पाळी येते. शस्त्रक्रियेदरम्यान एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर समोरून आणि बाजूने दिसणारे चित्र यासाठी पुरत नाही. हात तिरपा करून आणखी कोन पाहावे लागतात. आठवड्यातून चार मनगटे करणाऱ्याच्या ते अंगवळणी पडलेले असते. महिन्यातून एखादे मनगट, आणि एरवी गुडघे-कंबरा करणाऱ्याला ते आठवून करावे लागते. पदवी दोघांची एकच असू शकते.

बोटांच्या आणि तळहाताच्या हाडांत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पीळ. एक्स-रेवर हाड सरळ दिसते, टोके जुळलेली दिसतात, पण मोडलेला पुढचा भाग आपल्याच अक्षाभोवती थोडा फिरलेला असतो. तळहाताच्या हाडात पाच अंशांचा पीळ राहिला तर बोटाचे टोक दीड सेंटिमीटरपर्यंत शेजारच्या बोटावर चढते. तपासायची पद्धत साधी आहे. रुग्णाला मूठ वळायला सांगायचे आणि नखे समोरून पाहायची. चारही बोटांची टोके मनगटातल्या अंगठ्याकडच्या उंचवट्याच्या दिशेने झुकली पाहिजेत. एखादे बोट दुसऱ्याखाली घुसत असेल तर हाड चुकीचे बसले आहे. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला मूठ वळता येत नाही. म्हणून कॅनडाचे डॉ. डोनाल्ड लालोंड यांनी रूढ केलेली जागेपणीची शस्त्रक्रिया बोटांसाठी फार उपयोगी ठरली. लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रिनॅलिन मिसळून फक्त हातच बधिर करायचा, दंडाला आवळपट्टा बांधायचा नाही, आणि तार घातल्यावर रुग्णालाच बोट हलवून दाखवायला सांगायचे. पीळ राहिला असेल तर तो तिथेच दिसतो आणि तिथेच सुधारतो. लहान रुग्णालयातही हे जमते, खर्चही उतरतो.

स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या मुळाशी असलेले मनगटाचे छोटे हाड निराळ्या कारणाने त्रास देते. त्याला रक्त दूरच्या टोकाकडून मिळते, त्यामुळे मधून मोडले की जवळचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो. पहिल्या एक्स-रेत ते अनेकदा दिसतच नाही. ‘मुका मार आहे’ म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलेला तरुण दोन वर्षांनी झिजलेले मनगट घेऊन येतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर प्लास्टर घालावे आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा लवकर एमआरआय करावा. फार न सरकलेल्या स्कॅफॉइडसाठी सुरुवातीलाच स्क्रू घालण्याची घाई नको, हे ब्रिटनमधल्या ३१ रुग्णालयांतल्या ४३९ रुग्णांच्या ‘स्विफ्ट’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले. न जुळलेल्या स्कॅफॉइडला हाडाचा तुकडा, कधी रक्तवाहिनीसकट, बसवणे हे मात्र हाताच्या अनुभवी सर्जनचेच काम आहे.

आणि प्रेस. पॉवर प्रेसखाली गेलेल्या बोटात हाडाचे तुकडे होतात, कंडरा फाटते, रक्तवाहिनी चेंगरते, कातडी सोलून निघते, वर ग्रीस आणि लोखंडाचा कीस. इथे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी जखम भरपूर धुवायची आणि मेलेले मांस काढायचे. मग तारांनी किंवा जेसने हाड स्थिर करायचे, मग कंडरा. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे एक मिलिमीटर जाडीची धमनी केसाहून बारीक धाग्याने शिवायची, चेतातंतू जोडायचे आणि शेवटी कातडी. यातला पहिला भाग हाडाच्या डॉक्टरला येतो, शेवटचा प्लास्टिक सर्जनला. एकाच डॉक्टरला दोन्ही येत असतील तर उत्तम. येत नसतील तर दोघे एका टेबलावर, एकाच वेळी हवेत. ‘आधी हाड करून घेऊ, कातडीचे नंतर पाहू’ असे म्हणत घालवलेले चार दिवस बोटाच्या जिवावर बेततात. शाखेचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे निर्णायक आहे, आणि टीटीसीच्या पट्ट्याला तो रोजचा आहे.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यात बुडवूनही ठेवू नये. अंगठा जोडून देण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६५ मध्ये जपानात झाली. साठ वर्षांनंतरही कित्येक गाळ्यांतून तुटलेले बोट चिंधीत बांधून, नाहीतर मागेच टाकून, कामगार एकटा रुग्णालयात पोहोचतो. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस उतरूच नये अशी सोय असताना ती बंद करून काम चालवले जाते, हे याच्याही आधीचे दुखणे. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे केले, आणि कोणत्याही सर्जनपेक्षा ते कुंपण जास्त बोटे वाचवते.

शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांत जे होते, ते अनेकदा शस्त्रक्रियेइतकेच निकाल ठरवते. बोटे हालचालीवाचून राहिली की फार लवकर आखडतात. प्लास्टरसुद्धा विशिष्ट स्थितीत हवे: तळहाताजवळचे सांधे वाकलेले आणि पुढचे दोन सांधे सरळ. ही स्थिती चुकली तर हाड जुळूनही मूठ वळत नाही. मनगटाच्या प्लास्टरमधून बोटे पूर्ण मोकळी राहिली पाहिजेत आणि पहिल्या दिवसापासून हलली पाहिजेत. या कामाचे खास शिक्षण घेतलेले लोक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट. ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा महाराष्ट्रातच, मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये निघाली. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी ती सुरू केली. नवी मुंबईत नेरूळ आणि कामोठे इथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, म्हणजे माणसे तयार होत आहेत. अडते ते रोजंदारीवर. ठेकेदाराकडचा कामगार आठवड्यातून तीनदा व्यायामाला आला तर त्या दिवसांचा पगार कोण देणार?

कायद्याचे मापही हाताला नीट लागत नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची हानी टक्क्यांत दिली आहे. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. ही मोजणी गेलेल्या बोटाची. जागेवर असलेले पण न वाकणारे, थंडीत ठणकणारे, पाना धरू न देणारे बोट या यादीत नाही. त्याची टक्केवारी डॉक्टरच्या मूल्यमापनावर ठरते. म्हणून प्रत्येक सांधा किती अंश वाकतो आणि पकडीचा जोर किती आहे, हे मोजून लिहून देणारा डॉक्टर कामगाराच्या पोटापाण्याचे काम करत असतो. ‘फ्रॅक्चर जुळले, कामावर हरकत नाही’ एवढ्या शेऱ्यावर फाइल बंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

रुग्णाने किंवा नातेवाइकाने डॉक्टरला विचारावे असे थोडेच आहे. असे हात तुम्ही महिन्याला किती करता? प्लास्टरवर भागेल का, नसेल तर का नाही? कातडी किंवा नस जोडायची वेळ आली तर प्लास्टिक सर्जन आजच येईल का? बोट हलवायला कधी सुरुवात करायची आणि ते कोण शिकवेल? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी चिडत नाही.

व्यवस्थेकडून एक मागणी आहे, आणि तिला नवी इमारत लागत नाही. महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालये, वाशीचे कामगार विमा रुग्णालय आणि नेरूळ-कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालये यांपैकी जिथे अजून नसेल तिथे आठवड्यातून एक दिवस हाताची ओपीडी भरवावी. अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि थेरपिस्ट यांनी त्या दिवशी एकाच खोलीत बसून प्रत्येक हात मिळून पाहावा, आणि सहा महिन्यांनी तो हात पुन्हा मोजून नोंद ठेवावी. कोणत्या शाखेच्या हातून नवी मुंबईतले हात जास्त चांगले बरे होतात, याचे उत्तर अमेरिकेच्या नोंदवहीतून मिळणार नाही. ते या नोंदींतून मिळेल.